बर्फात मॅन्युअल की ऑटोमॅटिक? मनालीला निघालेल्या भुसावळच्या भावासाठी

भुसावळच्या एका भावाने विचारलंय की जानेवारीत आईवडील, बायको आणि सहा वर्षांचं पोरगं घेऊन स्वतःच्या गाडीने मनालीला जायचंय, पोराला बर्फ दाखवायचाय, आणि जमलं तर अटल टनेल पार करून सिस्सूपर्यंत जाऊन यायचंय. घरात दोन गाड्या. त्यांची स्वतःची पेट्रोल एएमटी (क्लच पेडल नसलेली, ऑटोमॅटिकचाच एक प्रकार), तीन वर्षांपासून तीच चालवतायत. आणि मोठ्या भावाची डिझेल मॅन्युअल. सासरे म्हणतात बर्फात ऑटोमॅटिक म्हणजे जिवाशी खेळ, मॅन्युअलच न्या. मित्र म्हणतो अमेरिका-कॅनडात लोक आयुष्यभर ऑटोमॅटिकच चालवतात बर्फात, काही होत नाही. कोणाचं ऐकू?

दोघांचंही अर्धं अर्धं ऐका भो. सासरे जुन्या अनुभवावरून बोलतायत आणि मित्राने ऐकीव गोष्ट सांगितलीय, पण तुमच्या गाडीत नेमका कोणता ऑटोमॅटिक आहे हे दोघांनीही विचारलं नाही, आणि तिथेच सगळा फरक आहे.

मी कुठून बोलतोय ते आधी सांगतो. मी पारोळ्याकडचा. सतरा वर्षं फौजेत ड्रायव्हर होतो, त्यातली पाचेक वर्षं सोनमर्ग, झोजिला, द्रास, कारगिल या लायनीवर. पहिल्यांदा सुट्टीवर आलो तेव्हा आईने विचारलं, तठे बरफवर गाडी चालस कशी रे भाऊ? मी म्हटलं, चालस व माय, पन थांबत नही. ती हसली, पण मी मस्करी करत नव्हतो. सुटून आल्यावर टुरिस्टचा धंदा टाकला, दर हिवाळ्यात दोन-तीन पार्ट्या मनाली नाहीतर काश्मीरला नेतो, कधी माझी गाडी असते, कधी लोक स्वतःची गाडी देतात आणि मला फक्त चालवायला नेतात, त्यामुळे मॅन्युअल, एएमटी, सीव्हीटी, सगळं बर्फात हाताखालून गेलंय.

आता मुद्दा. तुम्ही विचारताय की गाडी बर्फात चढेल का. बर्फात न चढलेली गाडी कोणाला मारत नाही, ती जागेवर उभी राहते, लोक उतरून धक्का मारतात, फोटो काढतात. मारते ती न थांबलेली गाडी. हिशोब बघा, कोरड्या डांबरी रोडवर ४० च्या स्पीडला कचकन ब्रेक मारला तर गाडी ९-१० मीटरमध्ये उभी राहते. दाबून कडक झालेल्या बर्फावर त्याच गाडीला ३० मीटर लागतात. आणि काचेसारखा पातळ थर असला, ज्याला सगळे ब्लॅक आइस म्हणतात, तर ६० मीटरच्या वर. साठ मीटर म्हणजे एसटीच्या पाच बशी एकामागे एक उभ्या करा, तेवढं. त्यात तुमचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर अजून ११ मीटर. आता यात गिअरबॉक्स कुठे आला? ब्रेक चारी चाकांना सारखाच लागतो, गाडी मॅन्युअल असो नाहीतर ऑटोमॅटिक. एवढंच काय, फोर-बाय-फोर पण थांबायला काही कामाची नाही, ती निघायला आणि चढायला कामाची, उलट तिच्यामुळे माणसाला वाटतं आपली गाडी काय भारी चाललीय आणि तो पाय दाबतो, मग पहिल्या वळणावर कळतं. मी खड्ड्यात पाहिलेल्या गाड्यांत फोर-बाय-फोर काही कमी नव्हत्या.

मग गिअरबॉक्सचं काम काय उरलं, तर तीन ठिकाणी. निघताना चाकाला ताकद किती हळू मिळते, उतारावर गाडी ब्रेक न मारता किती धरून राहते, आणि गाडी घसरायला लागली की इंजिनाचा जोर चाकावरून किती पटकन काढता येतो. हे तीन सोडून बाकी सगळा वाद चहाच्या टपरीवरचा.

मॅन्युअल या तिन्हीत चांगली, पण पाय चांगला असला तर. आम्हाला जो उस्ताद होता, तो हरियाणाचा, त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पहिला गियर भूल जा. का, तर पहिल्या गिअरला चाकावर जोर सगळ्यात जास्त येतो, आणि बर्फाला तेवढा जोर सोसत नाही, चाक जागेवर गरगर फिरतं. म्हणून सपाटीला आणि हलक्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये, रेस न देता, क्लच हळूहळू सोडत निघायचं. छोट्या पेट्रोल गाडीला दुसऱ्यावर निघताना जरा जड जातं, बंद पडते, पण डिझेल बिनबोभाट निघते. तुमच्या भावाची डिझेल या बाबतीत चांगली आहे हे मान्यच.

पण मॅन्युअल चुकीच्या पायात किती वाईट ते पण सांगतो, माझ्याच चुकीवरून. द्रासच्या अलीकडे एका उताराला मी फौजेचा अडीच टनी ट्रक घेऊन तिसऱ्यावर येत होतो, स्पीड काही फार नव्हता, पुढे वळण दिसलं म्हणून आपल्या घाटात करतो तसं खटकन दुसरा टाकला आणि क्लच सोडून दिला. डांबरावर काय होतं, इंजिन गुरगुरतं आणि गाडी दबते. बर्फावर काय झालं, मागची चाकं एकदम जाम झाल्यासारखी झाली, जणू कोणी हॅन्डब्रेक ओढला, आणि गाडीची शेपटी माझ्या शेजारून पुढे यायला लागली. एका बाजूला दरी होती आणि दुसऱ्या बाजूला डोझरने सारलेल्या बर्फाची भिंत. भिंतीकडे गेली. नशीब. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की उताराचा गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा, मधे नाही, आणि मधे टाकायचाच झाला तर थोडी रेस देऊन इंजिन चाकाच्या बरोबरीला आणून मग क्लच अलगद सोडायचा. गाडीत एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सिस्टीम) असला तरी यात फारसा उपयोग नाही, तो तुम्ही ब्रेक मारल्यावर जागा होतो, इंजिनाने चाक दाबलं तर त्याला ते सोडवता येत नाही.

तर भाऊ, तुम्ही तीन वर्षं क्लच दाबलेला नाही. पाय विसरलाय. भावाची गाडी घेऊन दीड हजार किलोमीटरच्या वर जाल, तोपर्यंत सवय होईल म्हणाल, होईल पण, पण ती हायवेची सवय होईल, हाफ क्लचवर चढाला गाडी धरायची सवय हायवेवर होत नाही. आणि तिथे जाड बूट घालून क्लच कुठे सुटतो तेच कळत नाही, हे पहिल्यांदा करणाऱ्या प्रत्येकाचं होतं.

आता ऑटोमॅटिक. आपल्याकडे सगळ्या दोन पेडलच्या गाड्यांना एकच नाव. आत मात्र वेगवेगळी मंडळी राहतात.

टॉर्क कन्व्हर्टरवाल्यात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे तेल असतं, ताकद तेलातून जाते, त्यामुळे निघताना इतकी मऊ निघते की चांगल्या ड्रायव्हरच्या क्लचलाही तेवढं रोज जमणार नाही. ब्रेक सोडला की नुसती सरपटत पुढे जाते, बर्फात निघायला हेच पाहिजे. सीव्हीटीचंही तसंच, तिच्यात तर गिअर बदलायचा झटकाच नाही. तुमचा मित्र ज्या अमेरिका-कॅनडाच्या गोष्टी सांगतोय तिथे बहुतेक या जातीच्या गाड्या असतात, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिथे बर्फाच्या भागात बरेच लोक हिवाळ्यात टायर बदलतात, त्यावर पुढे येतो. ड्युअल क्लचवाल्या छान असतात पण चढावरच्या ट्रॅफिकमध्ये इंच इंच सरकवल्या तर काहींचे क्लच तापतात.

आणि तुमची एएमटी. ही खरं म्हणजे मॅन्युअलच आहे. तोच गिअरबॉक्स, तीच क्लच प्लेट, फक्त तुमच्या डाव्या पायाऐवजी एक मशीन क्लच दाबतं. २०१४ साली सेलेरिओमधून ही आपल्याकडे आली आणि स्वस्त म्हणून घरोघरी झाली. शहराला झकास. पण तिच्या मशीनला पुढचा रस्ता दिसत नाही. तुम्हाला दिसतंय की पुढे चढ आहे, वळण आहे, तिला फक्त स्पीड आणि पेडल कळतं. चढाच्या मधोमध ती गिअर बदलते, बदलताना क्षणभर ताकद तुटते, बर्फावर तेवढ्यात गाडीचा वेग मरतो, मग क्लच पुन्हा जोडला की झटका बसतो आणि चाक सुटतं. उतारावर उलटं, तुम्ही पाय उचलला की तिला वाटतं आता आराम आहे, ती वरचा गिअर टाकते, आणि गाडी मोकळी सुटल्यासारखी पळायला लागते. कन्नड घाटात चाळीसगावकडे उतरताना ही गोष्ट तुम्ही अनुभवली असेल. डांबरावर ब्रेक मारून भागतं, बर्फावर तो ब्रेकच नको असतो.

औषध साधं आहे. बर्फ दिसला की डीमधून, जिथे गाडी स्वतः गिअर बदलते, एममध्ये, जिथे गिअर तुम्ही बदलता. चढाआधी दुसरा लावायचा आणि वर जाईपर्यंत गिअरला हात लावायचा नाही, पाय एकसारखा ठेवायचा. उताराआधी थांबल्यासारखी हळू करून पहिला नाहीतर दुसरा. जुने ड्रायव्हर सांगतात ना, ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचं, ते बर्फातही तेवढंच खरं. काही गाड्यांत उभ्या जागी एममध्ये दुसरा लागतो, काहींत ती ऐकतच नाही आणि पहिल्यावरच निघते, हे इथेच अंगणात करून बघा, तिथे जाऊन नको. दुसरं, चढावर गाडी ब्रेकवर धरायची, ॲक्सिलरेटरवर टेकवून नाही. एएमटीवाले लोक सिग्नलला चढावर हलका पाय देऊन गाडी धरून ठेवतात, ते म्हणजे तासभर हाफ क्लच दाबून ठेवणं, मग जळका वास येतो, डॅशबोर्डवर वॉर्निंग येते आणि गाडी म्हणते मला आता थंड होऊ द्या. आणि हे होतं कधी तर बरोबर त्या जागी जिथे मागेपुढे गाड्यांची रांग आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मनालीच्या वर सोलांग ते अटल टनेल या पट्ट्यात अचानक बर्फ पडला आणि हजाराच्या आसपास गाड्या अडकल्या होत्या, बातम्यांत तुम्हीही पाहिलं असेल. तशी रांग चढावर लागली तर एएमटीचा कस लागतो. (आणि कधी अडकलाच आणि हीटरसाठी इंजिन चालू ठेवलं, तर दर थोड्या वेळाने उतरून सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं नाही ना ते बघा, काच थोडी खाली ठेवा. बुजलं की धूर आत येतो, त्यातल्या विषारी वायूला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही.)

कुठलीही ऑटोमॅटिक असली तरी अजून एक युक्ती हातात ठेवा. मॅन्युअलवाला घसरला की क्लच दाबतो आणि चाक इंजिनापासून मोकळं होतं. तुमच्याकडे क्लच नाही, तुमच्याकडे एन, म्हणजे न्यूट्रल आहे. निसरड्या जागी अगदी हळू स्पीडला थांबायचंय आणि गाडी ब्रेक असूनही पुढे सरकतेय, तर एकीकडे ब्रेक पुढच्या चाकांना थांबवतोय आणि दुसरीकडे डी त्यांनाच पुढे ढकलतोय अशी ओढाताण असते, तेव्हा एनमध्ये टाकलं की सरळ थांबते. पण हे फक्त थांबतानाचं आहे हां. एनमध्ये उतार उतरायचा नाही, आपल्याकडचे ट्रकवाले डिझेल वाचवायला घाटात न्यूट्रल करतात तसलं डोकं तिथे चालवायचं नाही.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. आपल्या खान्देशच्या ड्रायव्हरची बर्फात गोची होते ती गिअरबॉक्समुळे नाही, काळ्या मातीमुळे होते. आपण लहानपणापासून काय शिकलो, पावसाळ्यात शेताच्या रस्त्याला गाडी फसली की रेस दे, चाक फिरव, टायरमधला चिखल उडाला पाहिजे, जोर करून बाहेर काढ, थांबलास की मेलास. काळ्या मातीत ते बरोबर आहे, कारण ती टायरच्या नक्षीत बसली की टायर गोटा होतो, फिरवूनच ती झटकावी लागते. बर्फात बरोबर उलटं. चाक जागेवर फिरलं की घासून गरम होतं, खालचा बर्फ वितळतो, त्याचं पाणी लगेच गोठतं, आणि तुम्ही स्वतःच स्वतःच्या चाकाखाली आरसा तयार करता. दोन मिनिटांपूर्वी जी गाडी दोन माणसांच्या धक्क्याने निघाली असती ती आता दहा माणसांना हलत नाही. आणि नक्षीत बसलेला बर्फ झटकायचा पण नसतो, बर्फाला बर्फ धरतो, लहान पोरं बर्फाचे गोळे करतात ते कसे चिकटतात तसंच, म्हणून बर्फाच्या टायरला बारीक बारीक चिरा दिलेल्या असतात, बर्फ पकडून ठेवायला.

सोलांगला एकदा पाहिलं, आपल्याच बाजूची नंबर प्लेट, एमएच १८, धुळ्याची, नवी कोरी मॅन्युअल एसयूव्ही. चालवणारा तरणा पोरगा. पुढचं चाक फिरतंय, तो रेस देतोय, बाहेरून बाप ओरडतोय, अजून दे, अजून दे. मी खाली उतरून म्हटलं दादा बंद करा. चाकापुढचा चार बोटं बर्फ बुटाने खरडून काढला, गाडीतल्या पायपुसण्या काढून चाकाखाली टाकल्या, त्याला म्हटलं दुसरा टाक, रेस देऊ नको, नुसता क्लच सोड. निघाली. गावाकडे आपण चाकाखाली पऱ्हाट्या टाकतो ना कपाशीच्या, तेच काम. फक्त तिथे पऱ्हाटी कुठून आणणार, म्हणून मी डिक्कीत दोन रिकामी बारदानं आणि एक छोटी फावडी ठेवतो, पार्टीचे लोक हसतात, हसू द्या. तर गाडी मॅन्युअल होती, सासऱ्यांच्या पसंतीची, तरी फसली, कारण पाय शेतातला होता. एएमटीने पण हेच केलं असतं. गाडी मागेपुढे झोकाळून काढायची असली तरी ऑटोमॅटिकला डी आणि आर असं पटापट करू नका, प्रत्येक वेळी पूर्ण थांबून मगच बदला, नाहीतर गिअरबॉक्सचं बिल बर्फापेक्षा जास्त थंड करेल.

टायरचं थोडक्यात. आपल्या गाड्यांचे टायर उन्हाळ्याचे असतात, सात अंशाच्या खाली त्यांचं रबर कडक व्हायला लागतं. जळगावच्या ४५ डिग्रीत टिकणारा टायर मनालीत उणे पाचमध्ये लाकडासारखा चालतो, त्याला तो तरी काय करणार. बर्फाचे टायर एका ट्रिपसाठी घेणं परवडत नाही, म्हणून चेन, म्हणजे टायरवर चढवायच्या साखळ्या. मनालीत भाड्याने मिळतात. तुमच्या दोन्ही गाड्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या असणार, तर चेन पुढच्या चाकांना, मागे नाही, हे पण मी लोकांना चुकताना पाहिलंय. घट्ट बांधायच्या, पन्नास-शंभर मीटर चालवून पुन्हा उतरून ताणायच्या, आणि ३०च्या वर जायचं नाही. बर्फ संपून डांबर लागलं की काढायच्या, नाहीतर चेन पण जाते आणि टायर पण. घालायची प्रॅक्टिस घरी करा, बोटं सुन्न झाल्यावर अंधारात पहिल्यांदा करायची गोष्ट नाही ती. चेन घातलेली एएमटी आणि बिनचेनची मॅन्युअल, दोघींपैकी एक निवडायला सांगाल तर मी डोळे झाकून चेनवाली घेईन.

रस्त्याबद्दल एकच जागा सांगतो. अटल टनेल ९.०२ किलोमीटर, दहा हजार फुटांच्या वर आहे, ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला. आत रस्ता कोरडा, लाईट, माणूस निवांत स्पीडने जातो. पलीकडे तोंडातून बाहेर पडलं की एकदम पांढरं, आणि लगेच चंद्रा नदीवरचा पूल. पूल खालून पण थंड होतो, वरून पण, म्हणून बाकी रस्त्याच्या आधी पूल गोठतो. टनेल संपायच्या अर्धा किलोमीटर आधीच स्पीड उतरवा, एममध्ये या. आणि सकाळी दहाच्या आत नको, दुपारी चारनंतर नको. दुपारी उन्हाने वितळलेलं पाणी रस्त्यावरून वाहतं, सूर्य डोंगराआड गेला की तेच गोठतं, आणि ते नुसतं ओल्या डांबरासारखं काळं दिसतं. सावलीतलं वळण दिसलं की तिथे आहेच असं धरून चाला.

आपल्याकडून जाणाऱ्या गाड्यांची एक खास भानगड आहे, ती कोणी सांगत नाही. उन्हाळ्यात गाडी तापली की आपण पंपावर नाहीतर टपरीवर साधं पाणी ओततो रेडिएटरमध्ये. दोन-तीन उन्हाळे असं केलं की कूलंट नावालाच उरतो. इथे काही बिघडत नाही, तिथे रात्री ते पाणी गोठतं, गोठलं की फुगतं, आणि इंजिनला तडा जाऊ शकतो. माझ्या ओळखीत एकाचा असा गेलाय, गाडी ट्रकवर टाकून आणली. निघायच्या आधी सगळं काढून निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरा, ते उणे ३५ पर्यंत गोठत नाही. वायपरच्या बाटलीतलं साधं पाणी पण काढा, काचेचं थंडीचं लिक्विड मिळतं ते टाका. काचेवर बर्फ जमला तर गरम पाणी ओतू नका, काच तडकते.

डिझेल नेलीच तर अजून एक. मैदानातलं डिझेल कडक थंडीत दाट होतं, मेणासारखं, फिल्टरमध्ये अडकतं आणि सकाळी गाडी सुरू होत नाही. यासाठीच इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशापर्यंत न गोठणारं डिझेल काढलं. तुम्ही तेवढं वर जात नाही, पण तरी खालून फुल टाकी करून जाऊ नका, टाकी कमी ठेवून कुल्लू-मनालीकडेच भरा. पेट्रोलला हे लफडं नाही, हा एक मार्क तुमच्या गाडीला.

रात्री गाडी लावताना हॅन्डब्रेक ओढून ठेवायचा नाही. ओल्या लायनरवर पाणी गोठतं आणि सकाळी मागची चाकं चिकटलेली असतात. मॅन्युअल असेल तर पहिल्या गिअरमध्ये ठेवायची. एएमटीला बहुतेक करून पी नसतो, म्हणून डी किंवा एममध्ये पहिला पडला आहे हे बघून इंजिन बंद करायचं, तुमच्या गाडीच्या पुस्तकात नेमकं दिलेलं असतं ते वाचा, आणि चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. सपाट जागाच शोधा.

मग शेवटी कोणती गाडी? परिस्थितीवर आहे, पण तुमची परिस्थिती तुम्ही सांगितलीय, त्यामुळे गोल बोलत नाही. तुम्ही रोज मॅन्युअल चालवत असता तर म्हटलं असतं भावाची डिझेल न्या. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी असती तर म्हटलं असतं विचारच करू नका, तुमचीच न्या. मोठा भाऊ स्वतः येऊन त्याची गाडी चालवणार असेल तर त्याची न्या. नाहीतर तुमचीच एएमटी, मनालीपर्यंत. तुमच्या पायाला ती माहीत आहे, आणि बर्फात पहिल्यांदा जाताना एक नवीन गोष्ट पुरे, दोन नको.

मनालीच्या पुढे ताजा बर्फ असेल त्या दिवशी गाडी हॉटेलला ठेवायची आणि तिथली फोर-बाय-फोर टॅक्सी करायची. तसंही बर्फ पडला की पोलीस साध्या गाड्या पुढे सोडत नाहीत. हे सांगताना मला बरं वाटतं असं नाही, मी स्वतः ड्रायव्हर, पण तिथला पोरगा रोज तोच रस्ता चालवतो, कोणतं वळण सावलीत आहे ते त्याला माहीत आहे, मला दर वर्षी नव्याने शोधावं लागतं. मागे आईवडील आणि लेकरू बसलेलं असताना पैसे कुठे वाचवायचे ते आपणच ठरवायचं. रस्ता दोन दिवस साफ आणि कोरडा असेल तर दुपारच्या वेळात तुमची गाडी घेऊन सिस्सूला जा, चेन डिक्कीत ठेवून.

आणि सासऱ्यांना म्हणा एममध्ये टाकली की ही मॅन्युअलच आहे. ते खोटं पण नाही आणि घरात वाद पण नाही.

निघायला अजून तीन-चार आठवडे असतील तर एक काम करा. गव्हाला पाणी भरलं की शेताच्या कडेचा रस्ता ओला होतो, ओळखीच्या कुणाचं तरी शेत असेलच, यावल-रावेरकडे केळीच्या बागांना तर बाराही महिने पाणी चालू असतं. रविवारी तिथे गाडी न्या, एकटेच, घरच्यांना न घेता. एम लावा, दुसऱ्यावर निघता येतं का बघा. ॲक्सिलरेटर असा दाबा की चाक एकदाही जागेवर फिरलं नाही पाहिजे, फिरलं की पाय उचला, पुन्हा. मग थोडा स्पीड घेऊन ब्रेक दाबा, पायाखाली एबीएसची करकर लागेल, ती लागली की घाबरून पाय सोडायचा नाही आणि स्टेअरिंग जिकडे जायचंय तिकडे धरायचं. आधी सांगितलं ते लक्षात ठेवा, चिखलात असं केल्यावर गाडी फसू शकते, फसली तर फसू द्या, तरी रेस देऊन काढायची नाही. ट्रॅक्टरवाल्याला बोलवा. सवय मोडायचीय आपल्याला, गाडी काढायची नाही.